कुठल्या देशात, कुणाच्या घरात?

गेल्या तीनशे वर्षांतला कुठलाही काळ घ्या आणि तेव्हा जगातल्या कुठल्या देशात राहायला आवडलं असतं ते सांगा, असं विचारलं की उत्तरं भराभर येतात. कुणी मोझार्टच्या काळातलं व्हिएन्ना मागतो, कुणी व्हिक्टोरिया राणीचं लंडन, कुणी १९२० च्या दशकातलं पॅरिस. इतिहासाची आवड असलेला मराठी माणूस शनिवारवाडा ऐन भरात असतानाचं पुणं मागतो. या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. व्हिएन्ना मागणारा मैफलीत बसलेला असतो, बाहेर घोड्यांची लीद उपसत नसतो. पुणं मागणारा पंगतीत असतो, गावकुसाबाहेर नसतो. शिवाय या स्वप्नात तो जवळजवळ नेहमी पुरुष असतो.

म्हणून या प्रकरणापुरती एक अट घालू. देश आणि काळ तुम्ही निवडा, पण घर निवडायचं नाही. जात, धर्म, कातडीचा रंग, बापाची जमीन, मुलगा की मुलगी, यांतलं काहीच आधी कळणार नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या न्यायविषयक ग्रंथात समाजाचे नियम ठरवणाऱ्यांवर अशीच अट घातली होती. ती घातली की निम्मी स्वप्नं तिथल्या तिथे गळून पडतात, आणि उरलेल्यांचा हिशेब मांडता येतो.

हिशेब मांडायला पाय रोवायला एक जागा हवी. मी वाघोडिया निवडलं आहे. बडोद्याच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. आज तिथे जीआयडीसीचे कारखाने आहेत आणि बडोद्याहून येणाऱ्या रस्त्यावर मोठी खासगी विद्यापीठं आहेत. या गावात मोठी लढाई झाल्याचं कुणी सांगत नाही, राजधानी तर कधीच नव्हती. पण गायकवाड या मराठी घराण्याच्या बडोदा राज्याचा हा भाग होता आणि त्या राज्याने काही बाबतींत युरोपालाही मागे टाकलं होतं. जगातल्या कुठल्याही देशाची तुलना करताना ‘वाघोडियात जन्मलेल्या मुलीचं काय झालं असतं?’ असा प्रश्न समोर ठेवला, की राजवाडे आणि ऑपेरागृहं आपोआप बाजूला होतात.

अठराव्या शतकाचा निकाल लवकर लागतो. दमाजीराव गायकवाडांनी १७३४ साली बडोदा पक्कं ताब्यात घेतलं. १७५० च्या सुमारास पेशवे आणि गायकवाड यांनी गुजरातचा वसूल आपसांत वाटून घेतला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हा मराठी सत्तेच्या विस्ताराचा अध्याय आहे, आणि मराठी वाचकाला त्याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण वाघोडियाच्या शेतकऱ्याच्या दारातून पाहिलं तर मोगलांचा अंमलदार, गायकवाडांची फौज आणि पेशव्यांचा हिस्सा, असे तीन हात एकाच कोठारात शिरत होते. वसुलीला फौज घेऊन निघण्याच्या त्या पद्धतीला मुलूखगिरी म्हणत. ती ज्यांच्या शिवारातून गेली त्यांना तिची भीती वाटत होती, हे आपण मराठीत स्पष्ट लिहिलं पाहिजे.

पण मग दुसरीकडे कुठे जावं? त्या शतकात मृत्यूच्या बाबतीत जग बरंचसं सारखं होतं. स्वीडनने १७४९ पासून गावोगावच्या चर्चच्या नोंदींवरून जन्ममृत्यूची देशव्यापी आकडेवारी ठेवायला सुरुवात केली, म्हणून तिथलं चित्र आपल्याला नेमकं कळतं: दर हजार बाळांपैकी सुमारे २०० पहिल्या वाढदिवसाआधी जात. पैशानेही फार फरक पडत नव्हता. इंग्लंडची राणी ॲन १७१४ साली वारली, तेव्हा सतरा गरोदरपणांनंतर तिचं एकही मूल हयात नव्हतं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई १७७४ साली देवीने गेला. जेन्नरने लस शोधली १७९६ साली आणि ती मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ रोजी. त्याआधी व्हर्सायचा महाल आणि वाघोडियाचं खोपट यांना देवीचा रोग सारख्याच सहजतेने गाठत होता. तरी एक नाव द्यायचंच तर मी नेदरलँड्स म्हणेन. तिथे आधीच्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त वीस वर्षं राहिला होता, छळाला कंटाळलेल्या ज्यू कुटुंबांना आसरा मिळाला आणि छापखाने बऱ्यापैकी मोकळे होते. मात्र अट लक्षात ठेवा: त्याच डच सत्तेखाली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये गुलाम म्हणून जन्माला आलो असतो, तर १८६३ पर्यंत सुटका नव्हती. देश म्हणजे त्याचा झेंडा जिथे जिथे फडकतो तो सगळा मुलूख, असं धरलं तर अठराव्या शतकात निवडण्यासारखं फारसं काही उरत नाही.

एकोणिसाव्या शतकात फाटा फुटला. काही देशांत मुलं जगू लागली, शिकू लागली, काहींत नाही. तरीसुद्धा आज आपण ज्या देशांची नावं आदर्श म्हणून घेतो, ती त्या शतकात घेतली असती तर पस्तावलो असतो. १८६६ ते १८६८ या काळात फिनलंडमध्ये दुष्काळ आणि त्यामागून आलेल्या तापाच्या साथींनी सुमारे ८ टक्के लोक मेले. स्वीडन सोडून १८५० ते १९३० या काळात बारा लाखांवर माणसं अमेरिकेला गेली. जमिनीचे तुकडे झाले होते, पिकं बुडत होती आणि पोट भरत नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये गरिबांची, अनाथांची मुलं शेतकऱ्यांकडे राबायला दिली जात, काही ठिकाणी जो गावाकडे सर्वांत कमी पोषणखर्च मागेल त्याच्या हवाली केली जात. ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रेंगाळली आणि स्विस सरकारने २०१३ साली तिच्याबद्दल माफी मागितली. आल्प्सच्या चित्रात ही मुलं दिसत नाहीत.

मुलगी म्हणून जन्म आला तर काय, याचं उत्तर एका मराठी मुलीने स्वतः शोधलं होतं. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. त्याच काळात इंग्लंडचं काय चाललं होतं? केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली, आनंदीबाईंनंतर बासष्ट वर्षांनी. एकट्या त्या एका गोष्टीसाठी १८८० च्या दशकात अमेरिका निवडावी लागते. पण गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. फिलाडेल्फिया मिळण्याऐवजी मिसिसिपीतल्या काळ्या कुटुंबात जन्म आला, तर कापसाच्या शेतातली कर्जाची वेठबिगार आणि झुंडीची भीती वाट्याला येई. आनंदीबाई पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. पाहुण्याला देश वेगळा दिसतो.

आता आजव्याच्या तलावाशी थोडं थांबू, कारण इथे वाघोडियाचा आणि जगाचा हिशेब एका वर्षात येऊन भेटतो. बडोद्याला पूर्वी विहिरी आणि तलावांचं पाणी होतं. उन्हाळ्यात ते आटे आणि गढूळ होई, आणि पटकी ठरलेली. बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८८० च्या दशकात, सूर्या नदीवर आजवा गावाजवळ मातीचा लांबलचक बांध घालायचं काम सुरू झालं. आजवा वाघोडिया तालुक्यात येतं. राज्याचे अभियंते जगन्नाथ सदाशिवजी यांची ही योजना. तलावाची पातळी शहराहून उंच धरली, त्यामुळे पंप न लावता पाणी नळांतून उताराने शहराकडे वाहत जाई. जास्तीचं पाणी सोडायला बांधाला बासष्ट दरवाजे. पावसाळ्यात शहरातल्या विश्वामित्री नदीला पूर आला की बडोदेकर आजही सकाळी आधी आजव्याची पातळी विचारतात, इतकं ते सरोवर शहराच्या अंगात मुरलं आहे. १८९२ साली त्याचं पाणी बडोद्याच्या नळांना आलं.

त्याच १८९२ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये पटकी आली. हॅम्बर्ग म्हणजे युरोपातल्या श्रीमंत बंदरांपैकी एक. पण तिथल्या नगरपालिकेने पैसे वाचवण्यासाठी एल्ब नदीचं पाणी न गाळताच नळांतून दिलं होतं. काही आठवड्यांत आठ हजारांहून जास्त माणसं मेली. हॅम्बर्गला अगदी लागून आल्टोना नावाचं वेगळं शहर होतं. पाणी त्याच नदीचं, तेही हॅम्बर्गची घाण मिसळलेलं, पण आल्टोनाची नगरपालिका ते वाळूतून गाळून देत होती. एकाच रस्त्याच्या एका बाजूला घरोघरी प्रेतं आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही, असं दृश्य डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. माणसं तीच, हवा तीच, भाषा तीच. फरक फक्त हद्दीचा आणि वाळूच्या थराचा.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा हा रस्ता आहे. देश हे माप फार मोठं पडतं. जर्मनी बरी की वाईट, हे १८९२ साली रस्त्याची कुठली बाजू यावर ठरत होतं. आणि बडोद्यातही तेच: आजव्याचं पाणी शहरासाठी होतं, ज्या तालुक्याच्या जमिनीवर ते साठलं त्यासाठी नव्हतं. वाघोडियात जन्मलेल्या बाळाला विहिरीचंच पाणी प्यायचं होतं.

शिवाय चांगला राजा असला म्हणून पाऊस पडत नाही. १८९९ साली गुजरातवर पाऊस रुसला. विक्रम संवत १९५६ चा तो दुष्काळ, म्हणून लोक त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात आणि जुन्या घरांत हे नाव अजून दबक्या आवाजात घेतलं जातं. बडोदा राज्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत २४ लाख १५ हजार होती, १९०१ मध्ये ती १९ लाख ५२ हजारांवर आली. दर शंभरांतली एकोणीस माणसं कमी. काही मुलूख सोडून गेली असतील, पण बहुसंख्य भुकेने आणि भुकेमागून आलेल्या पटकीने गेली. वाघोडियाच्या शेजारी हालोल हे ब्रिटिश मुलखातलं, पंचमहाल जिल्ह्यातलं गाव. तिथेही तीच दशा झाली. म्हणजे १९०० साली सरहद्द ओलांडूनही काही मिळालं नसतं. फिनलंडचा दुष्काळ आणि छप्पनियो यांच्यात बत्तीस वर्षांचं अंतर आहे. फिनलंडमध्ये शांततेच्या काळातला तो शेवटचा मोठा दुष्काळ ठरला. आपल्याकडे १९४३ चा बंगाल अजून यायचा होता.

मग त्या वाघोडिया–हालोल सरहद्दीने फरक पाडला तो कशात? शाळेत.

१८९३ साली सयाजीरावांनी अमरेली भागातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून पाहिलं. १९०६ साली कायदा साऱ्या राज्याला लावला: मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या, सगळ्यांना शाळेत घालायचं, न घातल्यास आईबापांना दंड. इंग्लंडने हे १८८० साली केलं होतं, फ्रान्सने १८८२ साली. बडोदा त्यांच्या मागे एका पिढीइतकंच होतं. आणि ब्रिटिश हिंदुस्थान? गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात अगदी सौम्य स्वरूपाचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. बडोद्यात हे चालतं तर इथे का चालू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. साऱ्या देशासाठी शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला २०१० साली, बडोद्यानंतर एकशेचार वर्षांनी.

आता जरोदची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. जरोद वाघोडिया तालुक्यातलं, हालोलच्या रस्त्यावरचं गाव. ती १९०० साली, छप्पनियोतून वाचून, जन्मली. सात वर्षांची झाल्यावर पाटील किंवा मास्तर तिच्या बापाच्या दारात येऊन उभा राहणार आणि तिला शाळेत का घातली नाही ते विचारणार. तिची मावसबहीण हालोलला जन्मली असेल, तर तिच्या दारात कुणीच येणार नाही. दोघींची बोली एक, देवदेवता एक, सोयरेही तेच. चार कोसांवरच्या एका हद्दीने एकीच्या हातात पाटी दिली, दुसरीच्या नाही.

चित्र फार गुलाबी रंगवायला नको. मास्तर अपुरे होते, सुगीत वर्ग ओस पडत, कित्येक बाप दंड भरून मोकळे होत आणि मुलींची शाळा दहाव्या वर्षी संपे. साक्षरतेत त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थानं सक्तीशिवायच बडोद्याच्या पुढे होती. बालविवाहाचंही तसंच झालं. १९०४ च्या कायद्याने मुलीचं लग्नाचं वय किमान १२ ठरवलं, पण दंड लग्नाच्या खर्चात धरून लग्नं होतच राहिली. तरीही १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून महाराजांनी जी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तिच्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. शाळेत शिकलेली अक्षरं दोन वर्षांत विसरली जातात ही अडचण त्यांनी ओळखली होती. तिच्यावर घरापर्यंत पुस्तक पोचवण्याइतका साधा आणि खर्चिक उपाय केला. याबाबतीत त्या वेळचं कुठलंही हिंदुस्थानी सरकार बडोद्याच्या जवळपास नव्हतं.

आणखी एक कायदा आहे, जो ऐकून आज लोक विश्वास ठेवत नाहीत. १९३१ साली बडोदा राज्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तसा कायदा १९४७ साली आला, साऱ्या भारतात १९५५ साली. इटलीत घटस्फोट कायदेशीर झाला १९७० साली आणि आयर्लंडमध्ये, सार्वमत घेऊन, १९९० च्या दशकात. गुजरातेतल्या अनेक जातींत काडीमोड पूर्वापार चालत आला होता, त्यामुळे त्या बायकांना नवं काही मिळालं नाही. ज्या वरच्या जातींत नवरा म्हणजे जन्माची गाठ होती, तिथल्या बाईला मात्र वाघोडियात जे दार उघडं होतं ते मिलानमध्ये आणखी चाळीस वर्षं बंद होतं.

या राज्यात एक गोष्ट नव्हती आणि ती लहान नव्हती. सरकार बदलण्याचा अधिकार प्रजेला नव्हता. १९०८ साली धारासभा निघाली, पण शेवटचा शब्द महाराजांचा. आणि महाराजांवरही वरून डोळा होता: लॉर्ड कर्झनने १९०० साली फर्मान काढलं की संस्थानिकांनी परवानगीशिवाय परदेशी जायचं नाही. सयाजीराव मुळात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले, १८७५ साली बारा वर्षांचे असताना दत्तक आलेले. असा मुलगा गादीवर आला आणि त्याने शाळा काढल्या, हे प्रजेचं भाग्य. पण त्याच्या आधीचे मल्हारराव गैरकारभाराच्या ठपक्यावरून पदच्युत झाले होते, तेही प्रजेच्याच नशिबी आले होते. जिथे सगळं एका माणसाच्या शहाणपणावर उभं असतं तिथे मूल जन्माला घालताना धास्ती वाटणारच. १८९३ साली न्यूझीलंडने स्त्रियांना मत दिलं, १९०६ साली फिनलंडने मत आणि निवडणूक लढवण्याचा हक्क दोन्ही दिले. आपल्या दोन शाळा-वर्षांशी जुळणारी ही सालं मी शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा वाटतं की बडोद्याने पाटी दिली आणि त्यांनी मतपेटी. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील असा देश त्या वेळी फार दुर्मीळ होता.

आपल्या अटीची सर्वांत कठोर परीक्षा १९१७ साली झाली, आणि तीत बडोदा नापास झालं. सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. बदल्यात दहा वर्षं राज्याची नोकरी करायची होती. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं बाबासाहेबांनी नंतर आठवणींत लिहिलं आहे. करार पाळण्यासाठी ते १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यात उतरले. महाराजांचा लष्करी सचिव म्हणून नेमणूक. आणि राहायला जागा नाही. हिंदू खाणावळी बंद, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या दालनात ते एकटेच असत. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेले पारशी जिन्याने वर आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगितलं. ओळखीच्या दोघांनीही घरात घेण्याची असमर्थता दाखवली. शेवटी सामान आवरून ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हे ज्या राज्यात घडलं त्यात अस्पृश्यांसाठी १८८० च्या दशकापासून सरकारी शाळा होत्या. सवर्ण मास्तर तिथे शिकवायला तयार होईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमले होते, पुढे पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना बोलावलं होतं. सरकारची नियत साफ होती, पैसाही खर्च होत होता. पण धर्मशाळेच्या जिन्यावर सरकार नव्हतं, शेजारी होते. देश निवडताना आपण कायदे वाचतो, लोकांची रीत वाचायची राहून जाते. बडोद्याची मी इतकी स्तुती केली ती मागे घेत नाही. पण अस्पृश्य घरात जन्मण्याची शक्यता जमेस धरली, तर न्यूयॉर्कमध्ये आंबेडकरांना जो श्वास मोकळा घेता आला तो १९१७ साली बडोद्यात मिळत नव्हता, हे मान्य करावंच लागतं. आणि न्यूयॉर्कची तीच मोकळीक हार्लेममधल्या काळ्या माणसाला नव्हती, हेही.

मग बडोदा राज्यातून कुणी खरोखरच दुसरा देश निवडला का? निवडला. राज्याच्या नवसारी प्रांतातून आणि शेजारच्या सुरत जिल्ह्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसं न्यूझीलंडला गेली. तिथे त्यांनी झुडपं तोडली, फळंभाजी विकली आणि दुकानं काढली. त्या देशात गोऱ्या वस्तीतली बाळं जगात सर्वांत जास्त जगत होती आणि बायका मत देत होत्या. पण १९२० साली न्यूझीलंडने कायदा करून नव्या हिंदी माणसांना दार जवळजवळ बंद केलं. अमेरिकेत भगतसिंग थिंड या शीख सैनिकाने नागरिकत्व मागितलं, तेव्हा १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही म्हणून ते नाकारलं. १९४६ साली कायदा बदलला तोही वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरता. चांगल्या देशाची निवड करणं आणि त्या देशाने आपल्याला निवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. व्हिसासाठी रांगेत उभ्या असलेल्या आजच्या मुलांना हे कुणी समजावून सांगायला नको.

१ मे १९४९ रोजी बडोदा राज्य मुंबई राज्यात विलीन झालं आणि वाघोडिया–हालोल सरहद्द पुसली गेली. आता पुन्हा एक मुलगी घ्या, १९४५ साली वाघोडियात जन्मलेली. एकवीस वर्षं पुरी झाल्यावर १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत तिने मत दिलं. तिच्याच वयाच्या झुरिचमधल्या बाईला देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ उजाडावं लागलं. मतपेटीपुरतं पाहायचं तर वाघोडिया पुढे होतं. पण त्या निवडणुकीपर्यंत जगायला हवं होतं. १९५० च्या सुमारास भारतात दर हजारी दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात, स्वीडनमध्ये २१. एवढी तफावत असताना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी मी स्वीडन निवडतो. १९३४ ते १९७६ या काळात तिथे सुमारे ६३,००० माणसांची नसबंदी झाली, त्यातल्या कित्येकांची ‘नालायक’ ठरवून, दबाव आणून, हे माहीत असूनही. त्यातही बहुसंख्य बायकाच होत्या. कुठलाच देश स्वच्छ हातांनी समोर येत नाही, पण पाळण्यातलं मूल जगणं ही पहिली गोष्ट.

शतकाच्या पूर्वार्धासाठी माझं उत्तर वेगळं आहे. ज्यांना दूरची दारं बंद होती, त्यांच्यासाठी १९०६ ते १९३९, म्हणजे सक्तीच्या शिक्षणापासून सयाजीरावांच्या मृत्यूपर्यंत, मराठी आणि गुजराती बोलणाऱ्या मुलखात बडोद्याहून बरं राज्य मला दिसत नाही. जन्म अस्पृश्य घरात येईल का, या प्रश्नावर मात्र माझी लेखणी तिथेही अडते.

आणि चालू शतक? वाघोडियाच्या रस्त्यावर आज इंग्रजीची परीक्षा आणि कॅनडाचा प्रवेश यांच्या जाहिरातींचे फलक आहेत, तर तिथल्याच विद्यापीठांत आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं आहेत, ज्यांनी जगाच्या नकाशावर हीच जागा निवडली. आकड्यांतही फरक पडला आहे. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार गुजरातेत दर हजारी २३ बाळं वर्षाच्या आत दगावली. स्वीडन १९५० साली जिथे होतं जवळपास तिथे आपण सत्तर वर्षांनी पोचलो. महाराष्ट्राचा आकडा १६. केरळचा ६. घर न निवडण्याची अट पाळून, घराजवळच राहायचं ठरलं तर आज मी पाळणा केरळात बांधीन, आणि गुजरात आणि महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांना त्याचं कारण विचारीन.